ताप एकच, जंतू अनेक : प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाचे निदान



वस्तीत ताप आला की आपला एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी मेडिकलमधून गोळी, तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांचे इंजेक्शन, आठव्या दिवशी सलाईन. रोज बुडवून दवाखान्यात रांग लावणे परवडत नाही, म्हणून हा क्रम पडला आहे. बहुतेक वेळा निभावून जाते, कारण साधा विषाणूजन्य ताप चार-पाच दिवसांत आपला आपणच उतरतो. पण घरात ज्याची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे असे माणूस असेल, तर हाच क्रम त्याच्या जिवावर बेततो. अशा रुग्णाचा ताप कोणत्या जंतूमुळे आला हे शोधावे लागते. ते कसे शोधतात आणि त्यात घरच्यांचे काम कोणते, याचा हा पाठ.

संधिसाधू जंतू म्हणजे काय?

आपल्या त्वचेवर, नाकात, आतड्यात, तसेच माती-पाण्यात असंख्य जिवाणू असतात. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत. शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांना आवरून धरतात. ही राखण ढिली पडली की तेच जिवाणू आत शिरतात. संधी मिळताच आजार करणारे, म्हणून त्यांना संधिसाधू जंतू म्हणतात. टीबीचा जंतूही असाच वागतो. अनेकांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की जागा होतो.

प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसे म्हणजे फक्त एच.आय.व्ही.चे रुग्ण, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. यादी मोठी आहे:

• मधुमेह असलेले, विशेषतः साखर आटोक्यात नसलेले
• एच.आय.व्ही.बाधित, विशेषतः सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेलेले
• कॅन्सरसाठी केमोथेरपी घेणारे
• डायलिसिसवर असलेले, किडनी बदललेले
• दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे
• सिकलसेलचे रुग्ण, तसेच प्लीहा काढून टाकलेले
• रोज दारू पिऊन यकृत खराब झालेले
• कुपोषित मुले आणि थकलेले वृद्ध

स्टेरॉइडबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, दोन आठवड्यांच्या वर घेतले की प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो असे डॉक्टर धरतात. गुडघेदुखीसाठी बिननावाच्या पुड्या मिळतात. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. आजी म्हणते, "मी काही औषध घेत नाही." पण पुडी चालूच असते. डॉक्टरांना ती पुडी दाखवलीच पाहिजे.

लक्षणे फसवी असतात

ताप, सूज, पू, लाली ही जंतूंशी चाललेल्या लढाईची खूण आहे. लढणाऱ्या पेशीच कमी असतील तर खुणाही कमी दिसतात. म्हणून न्यूमोनिया असूनही एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. जखम खोल सडलेली असते, पण पू थोडाच असतो. स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप चढतच नाही. वृद्ध माणूस एकाएकी बडबडू लागतो किंवा जेवण सोडतो, एवढेच लक्षण असते. घरचे म्हणतात, वयोमानाने होते. प्रत्यक्षात लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असतो.

त्यात आपण दर सहा तासांनी पॅरासिटामॉल देतो. ताप दबतो आणि डॉक्टरांना तो दिसतच नाही. म्हणून घरात थर्मामीटर ठेवावा आणि गोळी देण्याआधी ताप मोजून वेळेसह वहीत लिहावा. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप तासभर टिकला, किंवा एकदाच जरी १०१ अंश दिसला, तरी तो तातडीचा प्रसंग समजावा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५०० च्या खाली गेल्या असतील, तर सकाळपर्यंत थांबायचे नसते. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे.

पहिली तपासणी : खरी माहिती

निदान सुरू होते ते रुग्णाच्या बोलण्यातून. ताप कधीपासून आहे? वजन घटले का? रात्री घाम येतो का? घरात किंवा शेजारी टीबी होता का? काम कोणते? चिखलात, गटारात, शेतात उतरावे लागते का? आधी कोणती अँटिबायोटिक किती दिवस घेतली? या प्रत्येक उत्तरावर पुढची तपासणी ठरते. त्यामुळे औषधांची रिकामी पाकिटे, जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घालून सोबत न्यावे.

सर्वांत अवघड जाते ते एच.आय.व्ही.ची माहिती सांगणे. लोक काय म्हणतील या भीतीने माणसे डॉक्टरांपासूनही लपवतात. मग डॉक्टर साध्या रुग्णासारखे उपचार करतात आणि महत्त्वाचे दिवस निघून जातात. २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने उपचारात भेदभाव करायला मनाई केली आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते, ए.आर.टी. केंद्रात औषधे मोफत मिळतात. माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. ज्यांनी भेदभाव भोगला त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याला आजारावरून दूर लोटावे, हे आपल्या धम्मात बसत नाही.

नमुना आधी, औषध नंतर

या पाठातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. जंतू शोधायचा असेल तर रक्त, लघवी, थुंकी किंवा पू यांचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यावा लागतो. एक-दोन डोस पोटात गेले की जंतू अर्धमेले होतात, प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि रिपोर्ट कोरा येतो. आजार मात्र आतच राहतो. पण रुग्ण अत्यवस्थ असेल, तर नमुन्यासाठी औषध अडवून धरायचे नाही. रक्त काढायला पाच-दहा मिनिटे लागतात. ते काढून लगेच औषध सुरू करता येते.

ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून जंतू वाढतो का हे पाहणे. मोठ्या माणसाचे साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त एका बाटलीत लागते, आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेणे चांगले. इतके रक्त पाहून नातेवाईक घाबरतात, भांडतातही. पण रक्तात जंतूंची संख्या फार कमी असते, म्हणून जास्त रक्त घ्यावे लागते. दोन जागा का? एकाच बाटलीत त्वचेवरचा जंतू आला, तर तो सुईबरोबर गेला असण्याची शक्यता असते. दोन्हींत तोच आला, तर तो खरा मानतात. या बाटल्या साधारण पाच दिवस ठेवून पाहतात.

थुंकीचा नमुना म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत उभे राहावे, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून आलेला बेडका डबीत घ्यावा आणि झाकण घट्ट लावावे. लघवीच्या नमुन्यासाठी आधी जागा धुवावी, सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी.

गाठीचा तुकडा काढला, म्हणजे बायोप्सी केली, तर आणखी एक खबरदारी हवी. तपासणीसाठी तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होऊ शकत नाही. म्हणून एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "साहेब, कल्चरसाठीही तुकडा पाठवणार ना?" हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

टीबी : शोधावा लागणारा पहिला जंतू

आपल्याकडे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला लांबलेला ताप किंवा खोकला असेल, तर टीबी आहे का हे आधी पाहावे लागते. जुनी पद्धत म्हणजे थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. त्यात जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. एच.आय.व्ही. रुग्णाच्या थुंकीत ते बऱ्याचदा तेवढे नसतात. म्हणून "थुंकी निगेटिव्ह" याचा अर्थ "टीबी नाही" असा होत नाही.

सीबीनॅट आणि भारतातच बनलेली ट्रूनॅट या तपासण्या जंतूचा जनुकीय ठसा शोधतात. त्यांना फार थोडे जंतू पुरतात. सीबीनॅटचा निकाल साधारण दोन तासांत मशिनवर येतो आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्याहीपेक्षा खोल तपासणी म्हणजे कल्चर. पातळ माध्यमात त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. एच.आय.व्ही. खूप वाढलेला असेल आणि थुंकी येत नसेल, तर लघवीवरून होणारी लॅम तपासणी उपयोगी पडते. तिचा निकाल अर्ध्या तासात येतो. ती उपलब्ध आहे का, हे ए.आर.टी. केंद्रात विचारावे.

हातावर सुई टोचून करतात ती मॅन्टू चाचणी प्रतिकारशक्ती कमी असताना खोटी निगेटिव्ह येऊ शकते, कारण हातावर गाठ उठवायलाही प्रतिकारशक्तीच लागते. आणखी एक धोका आहे. खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक सहज दिली जाते. ती टीबीच्या जंतूलाही थोडी लागू पडते. आठ दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका वाढतो.

टीबीचे निदान झाले की एच.आय.व्ही. आणि रक्तातील साखर दोन्ही तपासून घ्यावी. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली आहे.

टीबीसारखे दिसणारे दोन जंतू

प्रत्येक लांबलेला ताप टीबीचा नसतो. समजा, कोकण-गोव्याच्या बाजूला कामाला गेलेला पन्नाशीचा बांधकाम मजूर आहे. मधुमेह जुना, गोळ्या अधूनमधून. पावसाळ्यात अनवाणी चिखलात काम केले. महिनाभर ताप, खोकला, वजन घटलेले. एक्स-रेवर डाग. थुंकी दोनदा निगेटिव्ह, तरी अंदाजाने टीबीचे औषध सुरू झाले. दोन महिने झाले तरी उतार नाही. मग सोनोग्राफीत यकृतात आणि प्लीहेत पुवाचे गळू दिसले. तो पू कल्चरला पाठवला तेव्हा बर्खोल्डेरिया नावाचा जंतू निघाला.

या आजाराला मेलिओइडोसिस म्हणतात. १९११ च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो प्रथम ओळखला. हा जंतू माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात वाढतो आणि मधुमेह्यांना सर्वांत जास्त गाठतो. कर्नाटक-केरळच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण नियमित सापडतात. टीबीची औषधे त्याला लागू पडत नाहीत. सवय नसलेल्या प्रयोगशाळेत तो स्यूडोमोनास म्हणून नोंदला जातो किंवा बाहेरून मिसळलेला जंतू समजून सोडला जातो. त्याचा उपचार वेगळा आहे. आधी किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, मग किमान तीन महिने कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. मधल्या काळात बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो. उघड्या पायांनी चिखलात उतरणारा मधुमेही असेल, तर "मातीत काम करतो" हे तीन शब्द डॉक्टरांना सांगितल्याने तपासणीची दिशा बदलू शकते. आणि मधुमेह्याने गमबूट आणि हातमोजे वापरलेच पाहिजेत. ठेकेदाराकडून ते मागणे हा हक्क आहे.

दुसरा जंतू नोकार्डिया. हाही मातीतला. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि किडनी बदललेले रुग्ण याला बळी पडतात. फुप्फुसात डाग, खोकला, ताप, म्हणजे हुबेहूब टीबी. टीबीसाठी वापरतात तो रंगही तो थोडाफार धरतो, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो फांद्या फुटलेल्या बारीक धाग्यासारखा दिसतो. तो हळू वाढतो. म्हणून डॉक्टरांनी प्रयोगशाळेला "नोकार्डियाचा संशय आहे, प्लेट दोन-तीन आठवडे ठेवा" असे कळवावे लागते. नाहीतर प्लेट आधीच टाकून दिली जाते. हा जंतू मेंदूपर्यंत जातो. त्यामुळे अशा रुग्णाला डोकेदुखी, झटका किंवा एका बाजूला अशक्तपणा आला तर मेंदूचा स्कॅन लागतो.

सिकलसेलचे मूल आणि ताप

विदर्भातील आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. या आजारात प्लीहा हळूहळू निकामी होऊ शकते. प्लीहा हे रक्तातले जंतू गाळणारे अवयव आहे. ती काम करेनाशी झाली की न्यूमोकॉकस नावाचा जंतू काही तासांतच रक्तात पसरू शकतो. म्हणून सिकलसेलच्या मुलाला १०१ अंशांवर ताप गेला की घरगुती उपाय करत बसू नये. रुग्णालयात ब्लड कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करावे लागते.

हाड दुखणे हेही फसवे असते. सिकलसेलच्या कळा नेहमीच्याच, असे म्हणून घरचे थांबतात. पण ताप आहे, एकाच जागी सूज आहे आणि दुखणे कमी होत नाही, तर हाडात साल्मोनेला जंतूचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी रक्ताचे कल्चर आणि हाडाची तपासणी लागते. न्यूमोकॉकसची लस आता सरकारी लसीकरणात आहे. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत रोजचे पेनिसिलिन द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. लग्न जुळवताना पत्रिका पाहण्याऐवजी दोघांचे सिकलसेलचे कार्ड पाहणे हे खरे बौद्ध घराचे लक्षण आहे.

रिपोर्ट कसा समजून घ्यावा?

• "नो ग्रोथ" म्हणजे जंतू वाढला नाही. आधी औषध घेतले असेल किंवा जंतू हळू वाढणारा असेल, तर आजार असूनही असा रिपोर्ट येतो.

• कल्चर रिपोर्टमध्ये औषधांपुढे एस, आय, आर ही अक्षरे असतात. एस म्हणजे औषध लागू पडते, आर म्हणजे पडत नाही. महागडे इंजेक्शनच चांगले असे काही नसते. एस असलेली साधी गोळीही पुरेशी ठरू शकते. निवड डॉक्टरांनी करायची.

• सी.आर.पी. वाढला म्हणजे शरीरात सूज किंवा संसर्ग आहे. कोणता जंतू, हे त्यावरून कळत नाही.

• विडाल चाचणी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड म्हणून आठ दिवस सलाईन लावतात. ही चाचणी जुन्या संसर्गामुळे आणि इतर तापांतही पॉझिटिव्ह येते. टायफॉइडची खात्री ब्लड कल्चरने होते.

लगेच रुग्णालयात न्यावे असे धोके

श्वास वेगाने चालणे, ओठ निळसर होणे, गुंगी किंवा बडबड, लघवी खूप कमी होणे, हातपाय थंड पडणे, थंडी वाजून अंग थरथरणे, मान ताठ होणे, डायलिसिसच्या नळीच्या जागी दुखणे किंवा डायलिसिस चालू असतानाच थंडी वाजणे. नळी असलेल्या रुग्णाच्या नळीतून आणि हातातून, असे दोन्हीकडचे रक्त कल्चरला घेतात. नळीतली बाटली दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली, तर दोष नळीत आहे असे समजते.

विहारात काय करता येईल?

भगवान बुद्धांनी एकदा अतिसाराने मलमूत्रात पडलेला भिक्खू पाहिला. त्याच्याजवळ कोणी नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग इतर भिक्खूंना जाब विचारला. विनयपिटकाच्या महावग्गातली ही कथा आपण विहारात ऐकतो. ती वस्तीतल्या रुग्णालाही लागू आहे. बाबासाहेबांनाही आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. तशा प्रकृतीतही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. त्यांच्या त्रासाची आठवण आपल्या घरातल्या मधुमेह्याची साखर तपासून ठेवण्यातही राहू द्या.

रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढावा. महिला मंडळाने वस्तीतल्या मधुमेही, सिकलसेल, डायलिसिस आणि केमोच्या रुग्णांना एकेक वही द्यावी. पहिल्या पानावर आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि डॉक्टरांचे नाव. पुढे तापाची नोंद. एच.आय.व्ही.ची नोंद मात्र रुग्णाच्या इच्छेशिवाय कोणी करू नये, कोणी विचारूही नये. शिकलेल्या दोन तरुणांनी रुग्णासोबत सरकारी रुग्णालयात जायची पाळी ठरवावी. कारण एकटा, थकलेला, अंगठा लावणारा माणूस प्रश्न विचारू शकत नाही. सोबत माणूस असले की तो विचारतो.

दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हे आपण रोज ऐकतो. तापाचेही तसेच आहे. कारण न शोधता नुसता ताप दाबला, तर आपण पहिल्याच पायरीवर थांबतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर तीन प्रश्न विचारावेत. माझ्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी आहे हे तुम्हाला कळले आहे ना? औषधाआधी कल्चरचा नमुना घेतला का? तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुढे काय तपासणार?

जयभीम! नमो बुद्धाय!